मारलिसच्या उंचीची गाडी

मोटरसायकल दोन इंच खाली आणायची, एवढंच काम होतं. एल्रॉय विट्केच्या मते ते शनिवारच्या एका सकाळचं. दुपारी हात धुऊन जेवायला बसायचं. मार्चमध्ये निघालेल्या या कामापायी जूनपर्यंत अख्खी गल्ली हरणाचं मांस खाईल, नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन दारात उभा राहील आणि चाळीस वर्षांच्या संसारात कधी नव्हे तो अबोला धरला जाईल, असं त्या सकाळी कुणी सांगितलं असतं, तर एल्रॉयनं त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

वर्गाबाहेर उभं करणं हा त्याचा पेशाच होता. विस्कॉन्सिनमधल्या त्या तळ्याकाठच्या गावात तो हायस्कूलचा उपमुख्याध्यापक होता. मुख्याध्यापकानं भाषणं करायची आणि उपमुख्याध्यापकानं लोकांच्या शिव्या खायच्या, अशी कामाची वाटणी सगळीकडेच असते. एल्रॉयनं ती मनापासून पाळली. निवृत्त झाल्यावरही किराणा दुकानात तो दिसला की चाळिशीतले बापे हातातली बिअर नकळत पाठीमागे घेत.

त्याची मोटरसायकल म्हणजे आरामखुर्चीला इंजिन बसवल्यासारखी, लांबलचक, गडद हिरवी क्रूझर. एल्रॉय सहा फूट उंच. त्यानं वर्षानुवर्षं खपून ती स्वतःच्या मापाची करून घेतली होती. हँडल छातीपर्यंत वर, पाय ठेवायच्या दांड्या पुढे सरकवलेल्या, सीट उंच. तिच्यावर बसलेला एल्रॉय सिंहासनावर बसून गावाची पाहणी करणाऱ्या राजासारखा दिसे. मागच्या छोट्या सीटवर त्याची बायको मारलिस असे, पण ती समोरून दिसत नसे.

मग मागच्या शरद ऋतूत त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. आंधळा नाही झाला. त्याला कडेचं दिसे, नेमकं मधलं दिसेना. तुमच्याशी बोलायचं तर तो तुमच्या कानाकडे बघे. परवाना नूतनीकरणाच्या कचेरीत खिडकीपलीकडची बाई म्हणाली, "पाटीवरची तिसरी ओळ वाचा." एल्रॉय म्हणाला, "कुठली पाटी?" तिथेच विषय संपला. त्यानं तिचे आभार मानले, बाहेर येऊन कोटाची बटणं लावली. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली राहिली आणि एल्रॉय खिडकीजवळ.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बटाट्याचं सूप वाढता वाढता मारलिस म्हणाली, "मी शिकते."

"काय?" एल्रॉयला वाटलं, विणकाम असेल.

"मोटरसायकल. मी चालवीन, तू मागे बस."

एल्रॉयनं तिच्या कानाकडे बराच वेळ पाहिलं. मारलिस दातांच्या डॉक्टरकडे स्वागताला बसायची, तेव्हा टेबलामागून तिचे फक्त केस दिसत. पाच फुटाला थोडी कमीच. गाडीवर बसवलं तर तिचे पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे लोंबकळत. पण शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा ती एका फटक्यात पास झाली. तेव्हा एल्रॉयनं, शिक्षकी अंगात असल्यामुळे, मुलीला शाळा पेलत नसेल तर शाळा खाली आणू, असं ठरवलं. मागचे शॉक-अप काढायचे, आखूड बसवायचे. दोन इंच.

शनिवारी सकाळी तो गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसला आणि सूचना देऊ लागला. मारलिस पाना फिरवत होती. इतक्यात शेजारचा ग्लेन ओपसाल आलाच. ग्लेन पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे मुळात पाइप आणि प्रत्येक बिघाड म्हणजे गळती, या सिद्धांतावर त्याची श्रद्धा होती. शिवाय त्यानं नोव्हेंबरात मारलेल्या दोन हरणांचं मांस विट्क्यांच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये होतं, कारण त्याचा स्वतःचा फ्रीझर माशांनी भरलेला. त्यामुळे या गॅरेजवर आपला निम्मा हक्क आहे असं तो धरून चाले.

"डावीकडे फिरव," ग्लेन म्हणाला.

"उजवीकडे," एल्रॉय म्हणाला.

"तुम्ही दोघं कॉफी घेऊन या," मारलिस म्हणाली.

ते कॉफी घेऊन आले तोवर तिनं दोन्ही शॉक-अप बसवले होते. गाडी स्टँडवर उभी केली. आता गाडी दोन इंच खाली आली, पण स्टँडची लांबी तेवढीच राहिली. त्यामुळे एरवी डावीकडे रेलून उभी राहणारी गाडी कवायतीतल्या शिपायासारखी ताठ उभी राहिली. याचा अर्थ तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आला नाही.

"झकास उभी आहे," ग्लेन म्हणाला. एल्रॉयनं सीटवर हात फिरवून दुजोरा दिला. मग तिघं आत जाऊन ग्लेनची तुंबलेल्या गटाराची जुनी गोष्ट ऐकत बसले. त्या गोष्टीदरम्यान गाडी सावकाश उजवीकडे कलली आणि फ्रीझरच्या अंगावर जाऊन पडली.

त्यांनी ती उचलली. साधा ओरखडाही नव्हता. ग्लेनला गहिवरून आलं. फ्रीझरला पोचा आला होता, पण फ्रीझरकडे कोण बघतो. त्याची पिन भिंतीतून निघाली होती, तेही कुणी पाहिलं नाही. दोन-तीन दिवसांनी गॅरेजच्या दाराखालून लालसर पाण्याचा ओहोळ गल्लीत आला आणि समोरच्या बर्निस पेगेलबाईंनी आधी पोलिसांना फोन करायचा की विट्क्यांना, यावर थोडा विचार केला.

अर्धवट विरघळलेलं मांस काही पुन्हा गोठवता येत नाही. त्या रविवारी, गवतावर अजून बर्फाचे ढिगारे असताना, विट्क्यांच्या अंगणात शेगडी पेटली आणि सगळ्या गल्लीला जेवण घालावं लागलं. ग्लेन शेगडीपाशी उभा राहून आपलं सबंध वर्ष परतत होता. आणि फुकट जेवणाऱ्या माणसाला निदान सल्ला तरी देऊन उतराई व्हावंसं वाटतं. कुणी म्हणालं, तीनचाकी करून घ्या. कुणी म्हणालं, टायर छोटे बसवा. बर्निसबाई तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाल्या, "विकून टाका. या वयात पडलं की हाडं जुळत नाहीत. माझी बहीण तर पायरीवरून पडली होती."

"तुमची बहीण मोटरसायकलवर नव्हती," मारलिस म्हणाली.

"म्हणून तर एकच हाड मोडलं."

"मी म्हणतो," ग्लेन धुरातून म्हणाला, "गाडी खाली आणायच्या ऐवजी मारलिसला जाड तळव्याचे बूट घ्या की." सगळे हसले. मारलिस हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी बूट मागवले. पण एल्रॉयनं ते मनाला लावून घेतलं. एका मोठ्या यांत्रिक प्रश्नाचं उत्तर चप्पल-बुटात निघावं, हे त्याला मानवलं नाही. काम सुरूच राहिलं.

स्टँड लांब होतो म्हणून ग्लेननं तो कापला. पाइप कापायची सवय असल्यामुळे सढळ हातानं कापला. आता गाडी दारू प्यायलेल्या माणसासारखी डावीकडे झुकली आणि स्टँडखाली फळकूट दिल्याशिवाय उभी राहीना. मारलिसनं फळकुटाला दोरी बांधली, म्हणजे बसल्या बसल्या वर ओढून घेता यावं. अंगणात गाडी उभी करताना ती आधी फळकूट खाली सोडे, तेव्हा लोकांना वाटे ही बाई मासे धरते आहे.

खाली आलेली गाडी अंगण जिथे रस्त्याला मिळतं त्या उंचवट्यावर घासू लागली. एकदा खरकन आवाज झाला आणि सायलेन्सर फाटला. त्यानंतर गाडीचा जो आवाज सुरू झाला, तो ऐकून एल्रॉयला मनातून बरं वाटलं, पण बर्निसबाईंच्या कपाटातल्या बश्या हलू लागल्या. मग नगरपालिकेचा माणूस आला. सदतीस-अडतिसाचा, हातात यंत्र.

"गाडी चालू करा," तो म्हणाला.

मारलिसनं चालू केली. त्या माणसानं यंत्राकडे बघितलं, यंत्र झटकलं, पुन्हा बघितलं. मग त्यानं एल्रॉयकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मिस्टर विट्के?"

"कोण?" एल्रॉय त्याच्या कानाकडे बघत म्हणाला.

"ड्वेन, सर. तुम्ही मला दोन दिवस शाळेतून काढलं होतं. गॅलरीत फटाके उडवले म्हणून."

"आवाजाबद्दल," एल्रॉय म्हणाला.

"हो सर." ड्वेननं मान खाली घालून नोटीस लिहिली. ती देताना तो म्हणाला, "सॉरी, सर." त्याच्या नोकरीत नोटीस देताना तो कधी सॉरी म्हणाला असेल, तर ते हेच एकदा.

नवा सायलेन्सर आला. तो बसवताना एल्रॉयला आठवलं, की मारलिसचे हात हँडलपर्यंत नीट पोचत नाहीत. हँडल बदलू. हँडल बदललं, तर क्लचची तार लांब पडली. तार बदलू. तार बदलताना टाकी काढावी लागली. टाकी काढलीच आहे तर दिव्यांच्या तारा नव्या घालू. प्रत्येक काम पुढच्या कामाला हाताला धरून घेऊन येत होतं. आणि एल्रॉय दर सकाळी, उपमुख्याध्यापकाच्या काळासारखा दाढी करून, सगळ्यांच्या आधी गॅरेजमध्ये हजर असे. खिडकीजवळची खुर्ची रिकामी पडली होती. हे मारलिसच्या लक्षात आलं होतं, म्हणून ती काही बोलत नव्हती.

काढलेले भाग तो एका कोपऱ्यात जुन्या टॉवेलांत गुंडाळून ठेवी. उंच हँडल, पुढच्या दांड्या, लांब शॉक-अप. ठेवताना प्रत्येकावरून हात फिरवी. गाडी जसजशी मारलिसची होत चालली, तसा तो कोपरा भरत चालला.

तारांच्या दिवशी ठिणगी पडली. मारलिस वाकून म्हणाली, "ही निळी आहे."

"हिरवी आहे. डाव्या इंडिकेटरची. मी स्वतः घातली आहे."

"एल्रॉय, मला दिसते आहे. निळी आहे."

"हिरवी," तो म्हणाला. त्या आवाजात म्हणाला, ज्या आवाजापुढे शाळेत वाद नसे. मारलिसनं क्षणभर थांबून तो म्हणाला तिथे तार जोडली.

चाचणीच्या दिवशी ग्लेनच्या ट्रकमध्ये गाडी चढवून तिघं गेले. परीक्षक आधी दिवे तपासतो. त्यानं सांगितलं, "डावा इंडिकेटर." मारलिसनं डावं बटण दाबलं. उजवा लुकलुकला. "उजवा." तिनं उजवं दाबलं. हॉर्न वाजला. परीक्षक दचकून दोन पावलं मागे सरला. "मॅडम," तो म्हणाला, "ही गाडी आणि तुम्ही आधी आपसांत ठरवून या."

परतीच्या वाटेवर ट्रकच्या एकाच बाकावर तिघं दाटीनं बसले होते. मारलिस मध्ये. ग्लेननं पाइपांची उपमा देऊन वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला आणि मग रेडिओ लावला.

घरी आल्यावर एल्रॉय गॅरेजमध्ये गेला. तारा उलगडायला घेता घेता तो म्हणाला, "सीटही बदलावी म्हणतो. आणि टाकी निघालीच तर रंग."

मारलिसनं हातमोजे काढून ठेवले. "तू काम संपू देत नाहीयेस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काम संपलं की तुला मागे बसावं लागेल. म्हणून रोज एक नवं काढतोस."

"माझी गाडी आहे. अर्धवट काम मला चालत नाही."

"तुझी आहे?" मारलिस म्हणाली. "मग चालव."

बोलून गेल्यावर तिला ते परत घ्यावंसं वाटलं, पण शब्द काही तारेसारखा सोडवून पुन्हा जोडता येत नाही. एल्रॉयनं पाना खाली ठेवला. नेमका पेटीत ठेवायला गेला, तो पेटीच्या बाजूला पडला. मग तो घरात गेला आणि खिडकीजवळ बसला.

संध्याकाळपर्यंत घरात कुणी बोललं नाही. ग्लेन दारापर्यंत येऊन परत गेला, ही त्याच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट. अंधार पडायच्या सुमारास मारलिस खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.

"मी वीस वर्षं मागे बसले," ती म्हणाली. "आपण कुठं कुठं गेलो ते मला तुझ्या जाकिटाच्या पाठीवरून आठवतं. काळं असताना डोंगर पाहिले, तपकिरी असताना समुद्र. तू म्हणायचास, काय रस्ता आहे बघ. मला शिवण दिसायची."

"कधी बोलली नाहीस."

"तू ऐकलं नसतंस. वारा असायचा."

त्यानं खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला भीती वाटते."

"पडायची?"

"पडायची नाही. मागे बसून काय करतात, ते मला माहीत नाही."

"सोपं आहे. धरून बसायचं आणि गप्प राहायचं. मी त्यातलं निम्मं करत होते."

एल्रॉयला हसू आलं. ते त्यानं नीट लपवलं नाही.

निळी तार निळ्या जागी गेली. चाचणी मारलिस पास झाली, जाड तळव्याचे बूट घालून. ग्लेननं हे आपल्या सल्ल्याचं यश म्हणून गल्लीत तीन घरी सांगितलं. तरीही त्या रविवारी एल्रॉय म्हणाला, वारा फार आहे. पुढच्या रविवारी त्याची कंबर धरली. त्यापुढच्या रविवारी सकाळी मारलिसनं हेल्मेट घातलं, म्हणाली, "मी तळ्याला एक फेरी मारून येते," आणि गेली.

एल्रॉय गॅरेजच्या दारात उभा राहिला. गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला, मिलच्या चढावर जड झाला, मग पातळ होत होत नाहीसा झाला. या गाडीचा आवाज जाताना कसा वाटतो, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो नेहमी आवाजाबरोबर जायचा. शेजारी मात्र इतकी वर्षं हेच ऐकत आले असणार. मारलिसही, ज्या दिवशी ती घरी राहायची त्या दिवशी.

तळ्याची फेरी लहान. ती यायला हवी होती. एल्रॉय अंगणात आला. मग रस्त्याच्या कडेला. बर्निसबाई पलीकडे फुलझाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पाइप बंद केला आणि पहिल्यांदाच कसलाही सल्ला न देता त्याच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"येईल," बर्निसबाई म्हणाल्या.

"हो."

"माझी बहीण नंतर चांगली चालायला लागली होती," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

आवाज आला. एल्रॉयनं तो सगळ्यांच्या आधी ओळखला. पण त्यात काहीतरी खडखडत होतं. मारलिस वळली, अंगणात थांबली, फळकूट सोडलं. तिच्या पँटीचा गुडघा फाटला होता आणि एक इंडिकेटर तारेवर लोंबत होता.

"थांबायच्या पाटीपाशी पडले," ती म्हणाली. "उभ्यानंच. पाय टेकवला तिथं नुसती वाळू. दोघांनी उचलून दिली. एकजण विचारत होता, नवरा कुठाय."

एल्रॉयनं तिला पायरीवर बसवलं आणि आतून पाणी आणि कापूस आणला. जखम नेमकी समोर धरली तर दिसेना, म्हणून मान वळवून, डोळ्यांच्या कडेनं बघत त्यानं गुडघा पुसला. बर्निसबाई हळूच पलीकडे निघून गेल्या.

"झोंबतंय?"

"तुझा हात चुकतोय. थोडा वर."

त्यानं वर पुसलं. "आता काय करायचं?"

"मला परत जायचंय," मारलिस म्हणाली. "आत्ताच. नाहीतर मी पुन्हा बसणार नाही, हे मला कळतंय."

एल्रॉय उठला. लोंबणारा इंडिकेटर त्यानं चिकटपट्टीनं जागेवर बसवला. काम कसं झालं ते तपासलं नाही. मग आत जाऊन मारलिसचं जुनं हेल्मेट घेऊन आला, कारण त्याचं आता तिच्या डोक्यावर होतं. ते त्याला घट्ट होत होतं. त्यानं कसंबसं ओढून घातलं आणि मागच्या त्या एवढ्याशा सीटवर, गुडघे दोन्ही बाजूंनी वर काढून, टोळासारखा बसला. ग्लेन आपल्या अंगणात कात्री घेऊन उभा होता. त्याच्या ओठांवर काहीतरी बोलणं आलं असावं. त्यानं ते गिळलं आणि कुंपणाची झुडपं छाटू लागला.

"धरलंस?" मारलिसनं विचारलं.

"धरलंय."

मिलच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहिली. इंजिन कण्हायला लागलं. एल्रॉयला ते पायाच्या तळव्यातून, पाठीतून, दातांतून कळत होतं. दुसरा टाकायला हवा. शब्द ओठांपर्यंत आला. वारा फार नव्हता, तिला ऐकू गेलं असतं. तो श्वास धरून बसला. गाडी आणखी जड झाली, थरथरली आणि मग मारलिसनं, जरा उशिरा, जरा धक्का देत, दुसरा टाकला.

गाडी चढ चढून वर आली. दोन्ही बाजूंना तळं उघडलं. एल्रॉयनं तिच्या कमरेला घट्ट धरलेला हात थोडा सैल केला.